मळ्यावरची वाफेची इंजिनं: कौतुक नेमकं कशाचं करायचं?

टिपरू

'जोन' नावाच्या वाफेच्या इंजिनाचा व्हिडिओ सध्या फिरतोय. हिरवंगार वेल्स, छोटे डबे, शिट्टी, आणि खाली सगळ्यांचं एकच: "किती गोड!" हे इंजिन केर स्टुअर्ट कंपनीने 1927 मध्ये इंग्लंडात बांधलं ते कॅरिबियनमधल्या अँटिग्वा बेटावरच्या साखर कारखान्यासाठी. 1971 मध्ये ते वेल्सच्या वेल्शपूल आणि लानफेअर या पर्यटकांसाठी जपलेल्या रेल्वेवर आलं.

मधल्या काळात ते ऊस ओढत होतं. ज्या साली व्ही. सी. बर्ड यांच्या कामगार संघटनेने मळेवाल्यांविरुद्ध मोठा संप केला, त्या 1951 सालीही ते तिथेच होतं. हेच बर्ड पुढे स्वतंत्र अँटिग्वाचे पहिले पंतप्रधान झाले. व्हिडिओत यातलं अक्षरही नाही. माझं मत स्पष्ट आहे: कॅरिबियन मळ्यांवरची इंजिनं जपण्याच्या नावाखाली मळेवाल्यांचा काळ साजरा होतोय.

कुर्डुवाडीकर

आलं का! दिसलं इंजिन की उभं करा आरोपीच्या पिंजऱ्यात.

मळेवाल्यांचा काळ म्हणजे गुलामी, असंच ना? आधी साल बघा. कॅरिबियनमधल्या ब्रिटिश बेटांवर गुलामी 1838 पर्यंत पूर्ण संपली होती. तिथल्याच सेंट किट्स बेटाची रेल्वे आली 1912 नंतर. ती आली कारण प्रत्येक मळ्यावरचं स्वतःचं छोटं गाळप बंद करून राजधानी बासतेरला एकच मोठा कारखाना काढला. तोडलेला ऊस दिवस-दोन दिवसांत गाळला नाही तर साखरेचा उतारा घसरतो, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. बेटभरचा ऊस एका ठिकाणी बैलगाडीने वेळेत पोचवून दाखवा.

आणि नॅरोगेज, म्हणजे अरुंद रूळमार्ग, का? रूळ हलके, वळणं आखूड घेता येतात. फ्रान्सच्या देकोविल कंपनीच्या पद्धतीचे रुळांचे तयार तुकडे तर माणसं उचलून नेत. आज या शेतात, तोडणी सरकली की पुढच्या. 'जोन' आणि सेंट किट्सची लाइन दोन्ही अडीच फुटी (दोन रुळांमधलं अंतर), म्हणजे आपल्या बार्शी लाइट रेल्वेचंच माप. मला ते इंजिन गोड वाटतं आणि वाटणारच.

टिपरू

ब्रिटिश बेटांचं ठीक. क्युबाचं काय? ते तेव्हा स्पेनच्या ताब्यात. हवाना ते बेहुकाल रेल्वे 1837 मध्ये सुरू झाली, खुद्द स्पेनच्या भूमीवर पहिली गाडी धावली त्याच्या 11 वर्षं आधी. गेज मोठं होतं, मान्य, पण बांधली साखरेसाठीच. क्युबात गुलामी संपली 1886 मध्ये. म्हणजे जवळपास 50 वर्षं वाफेचं इंजिन आणि गुलाम शेजारी शेजारी राबले. रूळ आत गेले म्हणून किनाऱ्यापासून लांबची जमीन उसाखाली आली, आणि ती जमीन कसायला आणखी माणसं विकत आणली.

इंजिनाने वाहतूक सोपी केली. तोडणी? ती कोयत्यानेच. उलट कारखाना मोठा झाला, त्याची भूक वाढली, आणि ती भागवायला तोडणाऱ्याच्या पाठीमागे तगादा लागला.

रोखठोक_नाना

मग सगळे किल्ले पाडा, वेठबिगारीने बांधलेत म्हणून. चला.

टिपरू

नाना, पाडा कुठे म्हटलंय? धागा वाचा.

ऊसवाला_राहाता

तुम्ही दोघं इंजिनाकडे बघताय, मी रुळाच्या मालकाकडे बघतो. क्युबात कारखान्याला 'सेंट्राल' म्हणतात आणि त्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला 'कोलोनो'. रेल्वे सेंट्रालची. कोलोनोचा ऊस शेतात उभा, आणि जवळून जाणारी लाइन एकाच कारखान्याची. तो भाव करणार तरी कोणाशी? काही कोलोनो नावाचेच बागायतदार, जमीनही कारखान्याचीच.

आमच्याकडे ऊस पळवापळवीवरून दर हंगामात तमाशा होतो, पण निदान ट्रॅक्टर दुसऱ्या गेटवर वळवता येतो. रूळ वळवता येत नाही. म्हणून ही छोटी आगगाडी मला बिलकुल निरागस वाटत नाही. तरी ती ठेवावी, असंच माझं मत. भंगारात गेली तर हे कोणाला दाखवणार?

कुर्डुवाडीकर

राहात्याच्या साहेबांचा मुद्दा वजनदार आहे, त्याला उत्तर नाही माझ्याकडे. पण टिपरू, तुमच्या हिशेबात एक माणूस गायब आहे: फिटर.

क्युबाची बहुतेक इंजिनं अमेरिकन, बरीचशी फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कंपनीची. क्युबात क्रांती झाली आणि 1960 नंतर अमेरिकेने व्यापार तोडला. बाल्डविनने तर 1956 मध्येच इंजिनं बांधणं थांबवलं होतं. सुटे भाग येणार कुठून? कारखान्याच्या वर्कशॉपमध्येच ओतायचे, कातायचे, बसवायचे. ओल्गीनकडच्या राफाएल फ्रेरे कारखान्यावर अडीच फुटी बाल्डविन याच जोरावर विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत ऊस ओढत होती. 2002 मध्ये सरकारने देशातले निम्म्याच्या आसपास कारखाने बंद केले, तेव्हा हा खेळ आटोपला. ते इंजिन बाल्डविनचं जेवढं, तेवढंच त्या फिटरचं. मळेवाला तर 1960 मध्येच पळाला होता! मग तिथे मी कोणाचा काळ साजरा करतोय?

टिपरू

हा मुद्दा क्युबाला लागू, अँटिग्वाला नाही. आणि फिटरचं नाव तरी कुठे दिसतं? इंजिनाच्या अंगावर पितळी पाटी असते ती बांधणाऱ्या कंपनीची. माहितीपत्रकात चाकांची रचना, बॉयलर, साल. चाळीस वर्षं ते चालवणाऱ्यांबद्दल "स्थानिक कर्मचारी" एवढंच.

मीनल_गो

सेंट किट्समध्ये 2005 ला साखर संपली, आणि त्याच रुळांवर आता क्रूझवरचे प्रवासी दुमजली डब्यांतून बेट बघतात. ओढायला डिझेल इंजिन आहे, वाफेचं नाही. म्हणजे भांडणाचं इंजिनच नाही आणि पैसा येतोय! या उत्पन्नावर तिथल्या लोकांचा हक्क आहे. पर्यटकाला आधी गुलामीचा धडा द्या हे लांबून सांगणं सोपं.

टिपरू

धडा नको, मीनलताई. बेटावरच्यांनी काय सांगायचं ते त्यांनी ठरवावं. माझी तक्रार वेल्सकडे आहे. 'जोन'शेजारी 1951 च्या संपाच्या चार ओळी आणि तोडणाऱ्याची मजुरी काय होती तो आकडा, एवढंच लावा.

कुर्डुवाडीकर

चार ओळी जरूर लावा. पण मजुरीचा आकडा लावणार असाल तर 1927 मध्ये इंजिनाची किंमत काय होती तेही शेजारी लिहा. आणि इंजिन वाफेवरच ठेवा, थंड लोखंडापाशी पाटी वाचायला कोणी थांबत नाही.