वर्धा नदी ओलांडली की जमिनीचे जुने कागद बदलतात, असं का?

वऱ्हाडी नातू:
वाटणीसाठी जुने कागद काढलेत. वडलांकडची जमीन अमरावती जिल्ह्यात. तिथे पणजोबा सरळ खातेदार. आजोळ भंडाऱ्याचं, तिथे वर मालगुजाराचं नाव आणि त्याच्याखाली आमचे पणजोबा कूळ. राज्य तर दोन्हीकडे इंग्रजांचंच होतं ना? मग हा फरक कुठून आला?

निवृत्त तलाठी:
मी नदीच्या दोन्ही बाजूंना नोकरी केली, म्हणून सांगतो. राज्य इंग्रजांचं खरं, पण ते दोन दारांनी आत आलं. वऱ्हाड 1853 साली निजामाकडून आलं, फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी. नागपूरचे तिसरे रघुजी भोसले त्याच वर्षी डिसेंबरात वारले, आणि वारस नाही म्हणून 1854 मध्ये राज्य खालसा झालं. वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली: शेत ज्याच्या नावावर, त्यानेच शेतसारा थेट सरकारात भरायचा. नागपूरकडे भोसल्यांच्या काळात गावचा वसूल गोळा करणारा जो पाटील, त्यालाच 1860 च्या दशकातल्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात गावाचा मालक करून टाकलं, तोच मालगुजार. काल वसुली करत होता, आज मालक! तुमचे पणजोबा कूळ झाले ते तिथे.

1902 मध्ये निजामाने वऱ्हाड सालाना 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने दिलं आणि 1903 मध्ये ते, नागपूरकडचा भाग ज्यात होता त्या मध्य प्रांताला जोडलं. पण जोडलं फक्त कारभारापुरतं. कागदोपत्री मालकी निजामाचीच, म्हणून कायदे वेगळे आणि दप्तरंही वेगळी. वर्ध्याहून बदली होऊन अमरावतीकडे आलो तेव्हा पहिले सहा महिने मी जुन्या नोंदी चुकीच्याच वाचत होतो. साहेबांची बोलणी खाल्ली ती निराळीच.

मालगुजारी 1950 च्या कायद्याने गेली, अंमल 31 मार्च 1951 पासून. त्यानंतरचे कागद लावा, दोन्हीकडचे बरेच सारखे दिसतील.

बोडीकाठ:
काका, कागद सारखे झाले, पण तलावांचं काय? आमच्याकडे अजून ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे गेले. पूर्वी पाळ फुटली की गाव फावडी घेऊन धावायचं. आता अर्ज करायचा आणि पावसाळा संपायची वाट बघायची. आमच्या धानाला पाणी त्याच पाटाने येतं, आणि तो पाट निम्मा बुजलाय.

निवृत्त तलाठी:
खरंय. फक्त नावावरून फसू नका. यातले बरेच तलाव मालगुजारीच्या कितीतरी आधीचे, कोहळी समाजातल्या मंडळींनी बांधलेले. मालगुजार नंतर आले आणि नाव त्यांचं चिकटलं.

वऱ्हाडी नातू:
धन्यवाद काका. आजोळच्या गठ्ठ्यात एक ‘वाजिब-उल-अर्ज’ लिहिलेला कागद आहे. रद्दीत टाकणार होतो.

निवृत्त तलाठी:
अहो, टाकू नका! गावचे वहिवाटीचे हक्क त्यात लिहिलेले असतात: तलावाचं पाणी कोणाला, गुरांचा रस्ता कुठून, जळण कुठलं. निस्तार पत्रकाची, म्हणजे गावच्या सामायिक वापराच्या हक्कांच्या नोंदीची, नक्कलही मागून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मोडी असेल तर वाचणारा शोधा, अंदाजाने वाचू नका.