व्हिडिओ स्विचिंगच्या एसएमडी आयसीचे डेटाशीट: कोणता आकडा कशासाठी पाहावा?

वागळे_कार्यशाळा (ठाणे)

नमस्कार. वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यशाळेत कारखान्यांतील जुन्या तपासणी यंत्रांच्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांची दुरुस्ती होते. सध्या आलेल्या एका यंत्रात पॅल या ॲनालॉग व्हिडिओ पद्धतीचे चार कॅमेरे आहेत आणि त्यांपैकी एकाचे चित्र निवडून मॉनिटरला देणारा बोर्ड निकामी झाला आहे. त्यावरची मूळ डीआयपी (छिद्रांत पाय घालून लावायची) आयसी लॅमिंग्टन रोडवर मिळत नाही, म्हणून एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच सोल्डर होणारी) आयसी घेऊन छोटा बोर्ड नव्याने करण्याचा विचार आहे.

तीन पर्याय समोर आहेत. पहिला सीडी४०५२ हा सर्वसाधारण ॲनालॉग स्विच, जो स्वस्त आहे आणि कुठेही मिळतो. दुसरा ५ व्होल्टवर चालणारा व्हिडिओ स्विच, ज्याच्या पहिल्याच पानावर ३ ओहम ऑन-रेझिस्टन्स (स्विच चालू असतानाचा रोध) आणि ३०० मेगाहर्ट्झ बँडविड्थ लिहिली आहे. तिसरा चार इनपुटांचा व्हिडिओ मल्टिप्लेक्सर, ज्यात ६ डेसिबलचा ॲम्प्लिफायर आहे आणि बँडविड्थ मात्र दुसऱ्यापेक्षा बरीच कमी दाखवली आहे. पॅलसाठी ५ मेगाहर्ट्झ पुरतात, तर मग एवढ्या मोठ्या आकड्यांची गरज का पडते? आणि क्रॉसटॉक, डिफरन्शियल गेन, क्लॅम्प या ओळींपैकी कोणत्या ओळीवर निवड ठरवावी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ऐरोलीकर

आपण मांडलेले तीन पर्याय एकाच जातीचे नाहीत, त्यामुळे त्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष चुकणारच. पहिले दोन निव्वळ स्विच आहेत, म्हणजे सिग्नलच्या वाटेत येणारा आणि सिग्नलच्या पातळीनुसार थोडा बदलणारा एक रोध. तिसऱ्यात स्विचनंतर ॲम्प्लिफायर आहे आणि केबल चालवण्याची जबाबदारी तो स्वतः घेतो. पहिल्या दोघांच्या डेटाशीटमध्ये ती जबाबदारी तुमच्यावर सोडलेली असते, पण तसे कुठे ठळकपणे लिहिलेले नसते.

आधी सिग्नल पाहू. कंपोझिट व्हिडिओ (चित्र, रंग आणि सिंक एकाच तारेत) ७५ ओहमवर १ व्होल्ट पीक-टू-पीक असतो. त्यात ०.७ व्होल्ट चित्राचे आणि ०.३ व्होल्ट सिंकचे (ओळ कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या स्पंदांचे), आणि ब्लँकिंग पातळी (ओळींच्या मधली, चित्र नसतानाची) शून्यावर धरली तर सिंक शून्याच्या खाली जातो. म्हणून सीडी४०५२ एकाच ५ व्होल्ट पुरवठ्यावर चालवून थेट जोडलेला व्हिडिओ त्यातून नेणे योग्य नाही. त्याच्या ७ क्रमांकाच्या व्हीईई (उणे पुरवठ्याच्या) पिनला उणे ५ व्होल्ट द्यावे, ८ क्रमांकाचा व्हीएसएस जमिनीवर ठेवावा आणि व्हीडीडी अधिक ५ ठेवावा. असे केले की निवडीचे सिग्नल शून्य ते ५ व्होल्टचेच राहतात आणि व्हिडिओला दोन्ही बाजूंनी जागा मिळते. शिवाय ऑन-रेझिस्टन्सही कमी होतो. डेटाशीटमधील टिपिकल आकडे व्हीडीडी आणि व्हीईई यांच्यातील फरकावर दिलेले असतात: ५ व्होल्टला ४७० ओहम, १० व्होल्टला १८० ओहम आणि १५ व्होल्टला १२५ ओहम. जो १२५ ओहमचा आकडा अनेक जण तोंडपाठ सांगतात, तो तुमच्या पुरवठ्यावर लागूच होत नाही. कमाल आकडे तर याच्या दुपटीच्या आसपास आहेत, आणि ग्राहकाला द्यायचा बोर्ड करताना हिशेब कमाल आकड्यावरच करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता टर्मिनेशन, म्हणजे केबलच्या टोकाला लावायचा जुळता रोध. ७५ ओहमचा रोध स्विचच्या पुढे लावला, म्हणजे कॅमेरा, मग स्विच, मग ७५ ओहम, तर १८० ओहम सरळ विभाजकात येतात आणि १ व्होल्टच्या जागी सुमारे ०.४५ व्होल्ट उरतात. ३ ओहमच्या स्विचमध्ये हीच घट दोन टक्क्यांची असते. म्हणजे पहिल्या पानावर ३ ओहम ठळक छापण्यामागे कारण आहे. परंतु दोन्ही बाबतींत न निवडलेल्या तीन कॅमेऱ्यांच्या केबली टर्मिनेशनविना लटकत राहतात, आणि ते मला मान्य होत नाही. प्रत्येक इनपुटला स्विचच्या आधी स्वतंत्र ७५ ओहम लावावा आणि स्विचनंतर जास्त इनपुट रोधाचा बफर (सिग्नल जसाच्या तसा पुढे चालवणारा ॲम्प्लिफायर) ठेवावा. बफरचा इनपुट रोध १० किलोओहम असेल, तर ऑन-रेझिस्टन्स १० ओहमने बदलला तरी फरक ०.१ टक्क्याचा पडतो. डिफरन्शियल गेनचा प्रश्न बराचसा इथेच सुटतो, कारण चित्राच्या उजेडानुसार रंगवाहकाचा (रंगाची माहिती वाहणाऱ्या सिग्नलचा) आकार बदलणे म्हणजेच डिफरन्शियल गेन, आणि निव्वळ स्विचमध्ये त्याचे मूळ ऑन-रेझिस्टन्सच्या या चढउतारात असते.

बँडविड्थबद्दल तुम्ही जे विचारले आहे त्याचे उत्तर असे, की डेटाशीटमधील बँडविड्थ बहुधा उणे ३ डेसिबलची असते, म्हणजे त्या वारंवारतेला सिग्नल ७१ टक्क्यांवर आलेला असतो. व्हिडिओत पाहायची ती ०.१ डेसिबलची सपाटता, म्हणजे साधारण एक टक्क्याची घट. एकाच आरसी (एक रोध, एक कपॅसिटर) उतारासाठी ०.१ डेसिबलचा बिंदू उणे ३ डेसिबलच्या बिंदूच्या सुमारे ०.१५ पट असतो. म्हणून ५ मेगाहर्ट्झपर्यंत सपाट राहायचे असेल, तर उणे ३ डेसिबलची बँडविड्थ ३३ मेगाहर्ट्झच्या आसपास लागते. आता तुमच्या बोर्डावर हिशेब करा: १८० ओहम स्विचचे, अधिक केबल आणि टर्मिनेशन समांतर धरून ३७.५ ओहम, आणि पुढे सामाईक पिन, ट्रॅक व बफर मिळून २५ पिकोफॅरड धरले, तर उणे ३ डेसिबल २९ मेगाहर्ट्झला येते आणि ०.१ डेसिबल ४.५ मेगाहर्ट्झला. पॅलचा रंगवाहक ४.४३ मेगाहर्ट्झवर आहे. म्हणजे टिपिकल आकड्यावर काम जेमतेम भागते आणि कमाल आकड्यावर भागत नाही.

तिसऱ्या पर्यायातील ६ डेसिबल ही चैन नाही. आउटपुटला मालिकेत ७५ ओहम लावले की मॉनिटरच्या ७५ ओहमशी मिळून सिग्नल निम्मा होतो, आणि तो भरून काढण्यासाठी दुप्पट करावा लागतो. मात्र त्यामुळे ॲम्प्लिफायरच्या पिनवर २ व्होल्ट पीक-टू-पीक असतात, तेव्हा त्याच्या बँडविड्थची ओळ २ व्होल्टच्या आउटपुटवर आणि १५० ओहमच्या लोडवर मोजलेली आहे का, ते पाहावे. काही डेटाशीटमध्ये मोठा आकडा ०.२ व्होल्टवरचा असतो. स्लू रेट (आउटपुट व्होल्टेज बदलण्याचा कमाल वेग) ४.४३ मेगाहर्ट्झला किमान २८ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद लागतो, आणि प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट असलेला घ्यावा.

तुमच्या कामासाठी मी तिसरा पर्याय घेईन.

घणसोली_बेंच

ऐरोलीकरांनी क्रॉसटॉकचा मुद्दा घेतला नाही, म्हणून तो मांडतो. चार कॅमेऱ्यांचे सिंक एकमेकांशी जुळवलेले नसतील, तर न निवडलेल्या कॅमेऱ्याचा अंश पडद्यावर सरकणाऱ्या पुसट पट्ट्यांच्या रूपात दिसतो, आणि सरकणारी गोष्ट स्थिर दोषापेक्षा डोळ्याला फार लवकर खटकते.

उणे ६० डेसिबल म्हणजे हजारात एक, म्हणजे ०.७ व्होल्टच्या चित्रात ०.७ मिलिव्होल्ट. पण हा आकडा कोणत्या वारंवारतेचा आहे, हे त्याच ओळीत शोधा. गळती कपॅसिटन्समधून होत असल्याने वारंवारता दसपट झाली की ती साधारण २० डेसिबलने वाढते. १०० किलोहर्ट्झला उणे ८० डेसिबल दाखवणारा स्विच ५ मेगाहर्ट्झला उणे ४६ च्या आसपास येतो. सीडी४०५२ च्या डेटाशीटमध्ये तर मांडणीच उलटी आहे: क्रॉसटॉक उणे ४० डेसिबल ज्या वारंवारतेला होतो, ती वारंवारता दिलेली असते, आणि तीही १ किलोओहमच्या लोडवर. त्यामुळे दोन कंपन्यांच्या तक्त्यांची तुलना करताना आधी दोन्ही आकडे एकाच वारंवारतेवर आणि एकाच लोडवर आणावे लागतात.

ऑफ-आयसोलेशन आणि क्रॉसटॉक या दोन वेगळ्या ओळी आहेत. पहिली बंद वाटेतून आरपार जाणारी गळती, दुसरी शेजारच्या चालू वाटेत उतरणारी. डेटाशीटमध्ये टी-स्विच दाखवला असेल, म्हणजे दोन मालिका स्विचांच्या मधला बिंदू बंद असताना जमिनीला जोडला जात असेल, तर ऑफ-आयसोलेशन पुष्कळ चांगले मिळते. बोर्डावरही दोन इनपुट ट्रॅकांच्या मध्ये ग्राउंडचा ट्रॅक घ्या, अन्यथा आयसीने राखलेले डेसिबल तांब्यात जातील.

क्लॅम्प असलेला इनपुट ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून सिग्नल घेतो आणि सिंकचे टोक ठरलेल्या व्होल्टेजवर बांधून ठेवतो, त्यामुळे चित्र उजळ असो वा काळोखे, पातळी हलत नाही. काही आयसींमध्ये काही इनपुट क्लॅम्पचे आणि काही बायसचे (सिग्नलची सरासरी ठरलेल्या व्होल्टेजवर ठेवणारे) असतात. कंपोझिट आणि वाय (एस-व्हिडिओतील उजेडाचा सिग्नल) यांना क्लॅम्पच हवा, तर एस-व्हिडिओच्या सी (रंगाच्या) सिग्नलमध्ये सिंक नसल्याने त्याला बायस हवा. ब्लॉक आकृतीत हे प्रत्येक पिनपाशी दाखवलेले असते, ती आकृती आधी पाहा.

वागळे_कार्यशाळा (ठाणे)

दोघांचेही मनःपूर्वक आभार, तिसराच पर्याय घेतो. आणखी एक शंका आहे. स्विचिंग टाइम १० नॅनोसेकंद लिहिलेला असताना जुन्या बोर्डावर कॅमेरा बदलताना चित्र क्षणभर का घसरत असे?

ऐरोलीकर

त्याचा आयसीच्या वेगाशी संबंध नाही. पॅलची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते, तिच्यापुढे १० नॅनोसेकंद नगण्य आहेत. कॅमेरे जुळवलेले नसल्याने नव्या कॅमेऱ्याचे फील्ड (चित्राच्या निम्म्या ओळींचा संच) वेगळ्या क्षणी सुरू होते आणि मॉनिटरला ते पुन्हा पकडावे लागते. कॅमेऱ्यांना जेनलॉकची (बाहेरून दिलेल्या सिंकशी जुळण्याची) सोय असेल, तर सर्वांना एकच सिंक द्या आणि एलएम१८८१ सारख्या सिंक सेपरेटरच्या व्हर्टिकल आउटपुटवर निवड बदला, म्हणजे बदल पडद्याबाहेरच्या ओळींत होईल. जेनलॉक नसेल, तर घसरण राहणारच आणि ग्राहकाला ते आधीच सांगावे.

रबाळे_असेंब्ली

फूटप्रिंटबद्दल, म्हणजे आयसीसाठी बोर्डावर लागणाऱ्या पॅडांच्या मांडणीबद्दल लिहितो. एसओआयसी आणि एसओपी ही एसएमडी पॅकेजे आहेत. १६ पिनांचा एसओआयसी ३.९ मिलिमीटर रुंदीचा असतो, तर जपानी पद्धतीच्या काही एसओपीची रुंदी ५.३ मिलिमीटर असते. दोहोंचा पिच (शेजारच्या पिनांमधील अंतर) १.२७ मिलिमीटरच असल्याने संगणकाच्या पडद्यावर ते सारखे वाटतात, पण एकाच्या पॅडवर दुसरा बसत नाही. टीएसएसओपी या अधिक बारीक पॅकेजचा पिच ०.६५ मिलिमीटर असतो. ऑर्डरिंग कोडमधील शेवटची अक्षरे पॅकेज ठरवतात, ती डेटाशीटच्या शेवटच्या पानांवरील आकृतीशी ताडून मगच मागणी नोंदवा.

त्याच पानांवर एमएसएल (आयसी ओलाव्याला किती संवेदनशील आहे) हा आकडाही असतो. एमएसएल ३ असेल, तर सीलबंद पाकीट उघडल्यापासून ३० अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रतेच्या मर्यादेत १६८ तासांच्या आत रिफ्लो (पूर्ण बोर्ड तापवून सोल्डरिंग) व्हायला हवा. पावसाळ्यात आपल्या ठाणे-बेलापूर पट्ट्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही ६० टक्क्यांची अट पाळली जाणे कठीण, म्हणून उरलेल्या आयसी सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवा. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने एकेक पिन लावणार असाल, तर शोषलेल्या ओलाव्याने पॅकेज तडकण्याची भीती बरीच कमी असते, पण हॉट एअरने पूर्ण पॅकेज तापते, तेव्हा ती अट लागू आहे असेच धरावे. आयसी उघडी राहिली असेल, तर आधी बेक करा, म्हणजे तापवून ओलावा काढा. १२५ अंशांचे बेकिंग उष्णता सहन करणाऱ्या ट्रेसाठी आहे, टेपमधील आयसी त्या तापमानाला ठेवू नका.