‘स्वतंत्र’मधलं ‘तंत्र’ आणि आपलं ‘आवरणं’

प्रश्न : ‘स्वतंत्र’, ‘स्वैर’, ‘स्वच्छंद’ या तिन्हींत ‘स्व’ आहे. तरी ‘मनाला येईल तसं वागतो, म्हणजे मी स्वतंत्र’ हे वाक्य मला खटकतं. माझं काही चुकतंय का? आणि ‘आत्मसंयम’साठी रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता?

प्रतिसाद १ : खटकायलाच हवं. स्वैर म्हणजे आपल्या इच्छेने जाणारा, स्वच्छंद म्हणजे आपल्या छंदाने चालणारा. ‘स्वतंत्र’ची गोष्ट निराळी. संस्कृतात ‘तंत्र’ म्हणजे माग, मागावर ताणलेले उभे धागेसुद्धा. पुढे व्यवस्था, नियमन. ‘तो अमक्याच्या तंत्राने चालतो’ असं आपण म्हणतो ना, तेच हे तंत्र. आता अमक्याच्या जागी राग घालून बघा. ‘रागाच्या तंत्राने चालतो’. अशा माणसावर बाहेरच्या कुणाची सत्ता नसली तरी तो परतंत्रच.

प्रतिसाद २ : ‘संयम’मध्ये ‘यम्’ धातू आहे, आवरून धरणे. त्याच धातूपासून ‘यंता’, म्हणजे सारथी. कठोपनिषदात शरीर हा रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी आहे. घोडे सोडून द्या असं तिथे नाही. घोड्यांशिवाय रथ हलेल कसा? म्हणून ‘दमन’ हा संयमाचा पर्याय म्हणून वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

रोजचा शब्द ‘आवरणे’. राग गिळला, राग दाबला, राग आवरला, तिन्ही वेगळे. गिळलेला आत राहतो, दाबलेला उसळतो. परवा मी रागाच्या भरात लांबलचक मेसेज लिहिला होता. अंगठा पाठवायच्या खुणेवर टेकणार, तेवढ्यात थांबलो, फोन पालथा ठेवला. सकाळी त्यातली दोनच वाक्यं ठेवली, तीही खरी होती म्हणून. राग कुठे गेला नव्हता, जागेवर लागला होता. खोली आवरतो तेव्हा वस्तू फेकून देत नाही, जागच्या जागी ठेवतो आणि वावरायला मोकळी जागा होते. मन आवरल्यावरचा मोकळेपणा मला तसाच वाटतो. मोकळा आणि मोकाट यांतला फरकही इथेच.

प्रश्नकर्ता : पटलं. फक्त एक भर घालतो. याच ‘आवर’चा ‘अनावर’ होतो. राग अनावर झाला म्हटलं की त्यात दोष दिसतो. जवळचं माणूस गेल्यावर अश्रू अनावर झाले, तर त्यात कुणालाच दोष दिसत नाही.