सासूबाईंना हॉस्पिसमध्ये ठेवू म्हटलं तर घरात भूकंप का होतो?

ओसरी:
सासूबाई ७४ वर्षांच्या. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलाय. फेब्रुवारीत डॉक्टरांनी केमो थांबवली, "आता त्रास कमी करत राहायचं" म्हणाले. तेव्हापासून त्या घरी आणि मी बिनपगारी रजेवर. दुखणं दाबायला मॉर्फिन, दर चार तासांनी: सहा, दहा, दोन, की पुन्हा सहा, दहा, दोन. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून मधे मधे कूस बदलायची. फ्रिजवर वही ठेवलीय, तिच्यात सगळं लिहायचं.

गेल्या आठवड्यात वहीत 'सकाळी ६' पुढे दोन खुणा दिसल्या. डोस दोनदा दिला की खूण दोनदा केली, काही केल्या आठवेना. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, श्वासावर लक्ष ठेवा. दिवसभर त्यांच्या छातीकडे बघत बसले. आणि दुपारी कधीतरी मनात येऊन गेलं, थांबला तर थांबू दे.

त्या रात्री हॉस्पिसचा विषय काढला, म्हणजे बरं न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करणारं केंद्र. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत, घरच्या माणसाला सोबत राहता येतं. नवरा गप्प. मोठे दीर म्हणाले, "आमच्या घरात अशी पद्धत नाही." दीर दर रविवारी दोन शहाळी घेऊन येतात. सासूबाईंच्या घशाखाली दोन चमचे उतरतात. उरलेलं दीरच पितात.

विरोधी मतंही चालतील.

जुनाखोड:
स्पष्ट लिहितो, राग नसावा. माझे वडील ११ महिने अंथरुणाला होते, सगळं घरी केलं. गेले तेव्हा खिडकीतून त्यांनीच लावलेला पारिजातक दिसत होता. ज्यांनी आपलं गूमूत काढलं त्यांचं आपण काढू शकत नाही? हे 'केअरगिव्हर बर्नआउट', म्हणजे सेवा करणारा थकून जातो वगैरे, आत्ता आलं. माझ्या आईने सासूसासरे दोघांचं केलं, तिला तो शब्दही माहीत नव्हता.

पाटावरवंटा:
@जुनाखोड, शब्द माहीत नव्हता म्हणून दमत नव्हत्या का? विचारलं होतं कोणी? आणि हे आत्ताचंही नाही. सेवा करणाऱ्यावरचा ताण मोजणारी झारिटची प्रश्नांची यादी १९८० सालची आहे. त्यात एक प्रश्न असा, की आपण याहून जास्त करायला हवं असं तुम्हाला वाटतं का. म्हणजे अपराधीपणासुद्धा त्या ताणातच मोजलाय. बाकी, "सगळं घरी केलं" यात कर्ता कोण ते कळलं नाही. रात्री दोनला कोण उठायचं?

जुनाखोड:
बायको. मला सकाळी सातची पाळी असायची. प्रश्न रास्त आहे. मत मात्र बदललेलं नाही.

बांधावरचा:
तुमचं भांडण शहरातलं आहे राव. आमच्याकडं हॉस्पिस शोधायला गेलं तर एसटीत दिवस जातो. चुलत्याच्या मॉर्फिनसाठी दर पंधरवड्याला संभाजीनगर गाठायचो. २०१४ ला मॉर्फिनचा कायदा सैल केला म्हणतात, पण आमचा मेडिकलवाला त्या गोळीचं नाव काढलं की हात जोडायचा. चुलता रात्रभर ओरडायचा आणि चुलती गोठ्यात जाऊन बसायची. माझं म्हणणं, हॉस्पिस राहू द्या, घरी येणारी नर्स द्या. केरळनं २००८ मध्येच धोरण केलं, तिथं पंचायतीमार्फत नर्स दारात येते, शेजारपाजारची माणसं शिकून मदतीला जातात. आपल्याकडं शेजारी येतात ते "किती दिवस म्हणलेत डॉक्टर?" विचारायला.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. @ओसरी, दोन खुणा झाल्या कारण तुम्ही झोपलेल्या नाही. गोळ्या रोज रात्री वेळेप्रमाणे खणांच्या डबीत भरून ठेवा. खण रिकामा म्हणजे डोस गेला, आठवायला नको. रात्री दोनचा डोस टाळण्यासाठी झोपतानाचा डोस वाढवतात पुष्कळदा, पण ते डॉक्टरांना विचारूनच, मनाने अजिबात नाही.

आणि हॉस्पिस म्हणजे कायमचं नेऊन टाकणं, हे कोणी सांगितलं? दुखणं आटोक्यात आणून, घरच्यांना जरा झोपू देऊन पेशंट परत घरी जातात. देशातलं पहिलं हॉस्पिस वांद्र्यात १९८६ ला निघालं, तरी आपलं 'पद्धत नाही' चालूच.

एक विचारू? नवरा, दीर, तुम्ही, सगळ्यांची मतं आली. सासूबाईंचं काय म्हणणं आहे?

जुनाखोड:
हा प्रश्न चांगला आहे. वडिलांना आम्हीही विचारलं नव्हतं. पारिजातक त्यांना बघायचा होता, हे मीच ठरवलं.

ओसरी:
@रात्रपाळी, विचारणार कसं? त्यांना 'पित्ताशयाला सूज' एवढंच सांगितलंय. इमारतीच्या वॉचमनला माहीत आहे, त्यांना नाही.

पण तुमचं वाचून काल रात्री कूस बदलताना विचारलं, "आई, दहाबारा दिवस दुसरीकडे राहायचं का? मीही येईन." बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुजेला एवढे महिने लागत नाहीत, कळतं मला. तिकडे रात्री दुसरं कोणी उठतं का?" उठतं म्हटलं. "मग जाऊ."

नवऱ्याला सांगितलं, तो बाल्कनीत जाऊन रडला. दिरांना हा धागा पाठवला. उत्तर आलं, "वाचलं. रविवारी शहाळी आणू ना?"

पाटावरवंटा:
आणायला सांगा. आणि रात्री थांबायलाही.